मच्छरदाणीचा कस

गडचिरोलीसारख्या हिवतापग्रस्त जिल्ह्यांत आरोग्य खात्याकडून वाटली जाणारी मच्छरदाणी हातात घेऊन पाहिली, तर ती बाजारातल्या साध्या मच्छरदाणीहून फारशी वेगळी दिसत नाही. फरक असतो तो तिच्या धाग्यात. या धाग्यावर किंवा धाग्याच्या आत कारखान्यातच कीटकनाशक बसवलेले असते आणि ते अनेक धुण्यांनंतरही टिकावे अशी अपेक्षा असते. रात्री माणसाच्या श्वासाच्या आणि घामाच्या वासाने ओढला गेलेला, हिवताप पसरवणारा ॲनोफिलिस डास जाळीवर उतरतो, आत शिरण्यासाठी वाट शोधत तिच्यावर चालतो, आणि त्या चालण्यात त्याच्या पायांना लागलेले कीटकनाशक त्याचा जीव घेते. म्हणजे साधी मच्छरदाणी डासाला फक्त अडवते, तर औषधभारित मच्छरदाणी त्याला मारते. आणि मेलेला डास शेजारच्या घरातल्या, मच्छरदाणी नसलेल्या माणसालाही चावू शकत नाही.

या साध्या वाटणाऱ्या वस्तूने केलेले काम फार मोठे आहे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाच्या अंदाजानुसार, 2000 ते 2015 या काळात प्रतिबंध आणि उपचार यांच्या प्रयत्नांनी आफ्रिकेत हिवतापाचे सुमारे 66 कोटी रुग्ण टळले आणि त्यातील 68 टक्के वाटा औषधभारित मच्छरदाण्यांचा होता. ज्या वस्तूवर एवढा भार आहे तिचा दर्जा थोडा जरी घसरला, तरी त्याची किंमत रुग्णांच्या संख्येत मोजावी लागते. म्हणूनच मच्छरदाणीकडे कापडाचा नग म्हणून न पाहता औषधाच्या गोळीसारखे पाहिले पाहिजे, आणि औषधाला लावतो त्याच काटेकोर कसोट्या तिला लावल्या पाहिजेत, असे मला ठामपणे वाटते. पुढील विवेचन त्याच दृष्टीने केले आहे.

मच्छरदाणीत कीटकनाशक बसवण्याच्या मुख्य पद्धती दोन आहेत. पॉलिएस्टरच्या जाळीवर कीटकनाशक आणि ते धरून ठेवणारा राळेसारखा पदार्थ यांचा लेप दिला जातो, ही एक. दुसरीत पॉलिइथिलीनचा धागा ओढतानाच वितळलेल्या प्लास्टिकमध्ये कीटकनाशक मिसळतात आणि मग ते धाग्याच्या गाभ्यातून हळूहळू पृष्ठभागावर झिरपत राहते. दोन्हींत कळीचा मुद्दा एकच आहे. जाळीत एकूण किती कीटकनाशक आहे, यापेक्षा पृष्ठभागावर डासाच्या पायाला लागेल असे किती आहे, यावर डासाचे मरण अवलंबून असते. लेप फार पक्का झाला तर कीटकनाशक आत अडकून पडते. फार सैल राहिला तर चार धुण्यांत वाहून जाते. या दोन टोकांच्या मधला बिंदू साधणे हे कारखान्याचे खरे कौशल्य असते.

हा बिंदू साधला आहे की नाही, हे तपासण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. जाळीचा एक तुकडा सपाट पृष्ठभागावर ताणून बसवतात आणि त्यावर प्लास्टिकचा पारदर्शक शंकू उपडा ठेवतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या, दोन ते पाच दिवसांच्या आणि अजून रक्त न प्यालेल्या पाच माद्या शोषनळीने उचलून शंकूच्या वरच्या छिद्रातून आत सोडतात आणि छिद्राला कापसाचा बोळा लावतात. बरोबर तीन मिनिटे त्या जाळीच्या सहवासात राहतात. मग त्यांना बाहेर काढून साखरपाण्याचा बोळा ठेवलेल्या पेल्यात ठेवले जाते. एका तासाने किती माद्या उलट्या पडल्या हे मोजतात आणि 24 तासांनी किती मेल्या हे मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार तासाभरात 95 टक्के डास पडले किंवा 24 तासांत 80 टक्के मेले, तर जाळी उत्तीर्ण ठरते. हीच परीक्षा जाळी साबणाच्या पाण्यात ठरावीक वेगाने हलवून वीस वेळा धुतल्यानंतर पुन्हा घेतात, कारण वीस धुणी म्हणजे साधारण तीन वर्षांचा घरगुती वापर असे धरले जाते. हजारो मच्छरदाण्यांच्या भवितव्याचा निर्णय अशा पाच-पाच डासांच्या गटांवर होतो. म्हणून ते डास पोसणारी, त्यांचे वय आणि प्रयोगशाळेचे तापमान सांभाळणारी माणसे या साखळीत जाळी विणणाऱ्यांइतकीच महत्त्वाची आहेत, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

परीक्षा एकदा उत्तीर्ण होणे पुरेसे नसते, हे पापुआ न्यू गिनी या देशाने फार मोठी किंमत देऊन शिकवले. तेथे हिवताप नियंत्रणाची जवळजवळ सगळी भिस्त मच्छरदाण्यांवर होती आणि आजार झपाट्याने ओसरत होता. घरोघरच्या पाहण्यांत हिवतापाच्या संसर्गाचे प्रमाण 2013-14 च्या सुमारास एक टक्क्याच्या आसपास आले होते. 2016-17 मध्ये ते सात टक्क्यांवर गेले. वाटप चालूच होते आणि लोक मच्छरदाण्या वापरतही होते. अखेर तेथील संशोधकांनी वेष्टनही न फोडलेल्या कोऱ्या मच्छरदाण्या तपासल्या. 2012 पर्यंत तयार झालेल्या जाळ्यांवर सगळे डास मरत होते, पण 2013 पासून बनलेल्या बहुसंख्य जाळ्यांवर बरेच डास जगत होते. हे डास प्रयोगशाळेत वाढवलेले आणि कीटकनाशकाने सहज मरणारे होते, त्यामुळे डासच बदलले असे म्हणण्याची सोय नव्हती. 2020 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. यातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की रासायनिक तपासणीत जाळीतील कीटकनाशकाचे प्रमाण ठरल्याप्रमाणेच भरत होते. बदल लेपाच्या घडणीत झाला होता. द्रव्य जाळीत होते, पण डासाच्या पायाला पुरेसे लागत नव्हते. कागदोपत्री माल निर्दोष होता आणि अंथरुणात झोपलेल्या मुलांना मात्र पूर्वीचे संरक्षण उरले नव्हते.

ही चूक वर्षानुवर्षे का पकडली गेली नाही, हे समजण्यासाठी तपासणीची जुनी व्यवस्था माहीत असायला हवी. 1960 साली जागतिक आरोग्य संघटनेने कीटकनाशकांचे मूल्यमापन करणारी एक योजना सुरू केली आणि तिने अर्धशतकाहून अधिक काळ मोलाचे काम केले. प्रथम प्रयोगशाळा, मग लहान प्रमाणावर प्रायोगिक झोपड्या आणि शेवटी गावपातळीवरचा वापर अशा तीन टप्प्यांतून उत्पादन जात असे आणि शेवटी शिफारस मिळत असे. मात्र तिचा भर उत्पादनाच्या आरंभीच्या मूल्यमापनावर होता. कारखाना पुढे तेच आणि तसेच बनवत राहील याची हमी त्या रचनेत फारशी नव्हती. 2017 साली ही जबाबदारी संघटनेच्याच, औषधे आणि लसी यांची पूर्वपात्रता (खरेदीआधीची दर्जाची पारख) ठरवणाऱ्या यंत्रणेकडे आली. तेव्हापासून उत्पादकाला संपूर्ण माहितीचे दप्तर सादर करावे लागते, कारखान्याची प्रत्यक्ष तपासणी होते, उत्पादनाच्या कृतीत बदल केला तर तो कळवावा लागतो, आणि बाजारात गेल्यावरही त्या मालाचा पाठपुरावा अपेक्षित असतो. मच्छरदाणी कारकुनी दृष्ट्या तरी औषधांच्या पंगतीत बसली, ती अशी.

तरीही खरेदीचा प्रश्न उरतोच. लाखो नगांच्या निविदेत निर्णय बहुतेक वेळा प्रतिनगाच्या किमतीवर होतो. दोन रुपयांनी स्वस्त असलेली जाळी तीनऐवजी दोन वर्षांत फाटली, तर ती प्रत्यक्षात महाग पडते, हे कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही. पण निविदेच्या तक्त्यात टिकाऊपणासाठी रकानाच नसेल, तर त्या शहाणपणाला जागा मिळत नाही. ज्या उत्पादकाने अधिक मजबूत धागा वापरला, अधिक तपासण्या केल्या, त्याचाच माल महाग म्हणून मागे पडतो आणि पुढच्या वेळी तोही काटकसर करतो. दर्जा घसरण्याला लबाडीच लागते असे नाही. चुकीच्या मोजमापानेही तो घसरतो.

दर्जा फक्त कारखान्यात घडतो असेही नाही. भिंतीवरील फवारणीचे उदाहरण घ्या. बिहारमध्ये काळा आजार, म्हणजे वाळूमाशीमुळे पसरणारा लेशमॅनिया परजीवीचा आजार, आटोक्यात आणण्यासाठी दशकानुदशके डीडीटीची फवारणी होत आली. महाराष्ट्रालाही वाळूमाशी परकी नाही; 1965 साली सापडलेल्या चांदीपुरा विषाणूला नागपूर जिल्ह्यातल्या गावाचे नाव मिळाले आणि त्याचाही संबंध हिच्याशीच जोडला जातो. बिहारमध्ये फवारणीसाठी बादलीत बुडवून चालवायचा पंप वापरला जाई. एक कामगार तो दाबत राही, दुसरा नळी धरून फवारत जाई. नळीचे टोक भिंतीपासून 45 सेंटिमीटरवर ठेवायचे, एका फेरीत सुमारे 53 सेंटिमीटर रुंदीचा पट्टा ओला करायचा, आणि प्रत्येक चौरस मीटरवर एक ग्रॅम डीडीटी बसेल अशा वेगाने वरून खाली यायचे, असा दंडक. पण पंप दाबणाऱ्याचा हात थकला की दाब कमी होतो, तोटीचे छिद्र झिजले की धार जाड होते, आणि तिसऱ्या प्रहरापर्यंत अनेक घरे उरकलेला माणूस चाल वाढवतो. संशोधकांनी जेव्हा भिंतींवरचे डीडीटी प्रत्यक्ष मोजले, तेव्हा बहुतेक घरांत ते ठरलेल्या मात्रेपेक्षा कमी निघाले, आणि वाळूमाशीही डीडीटीला दाद देईनाशी झाल्याचे दिसले. 2015 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास काळ्या आजाराच्या कार्यक्रमात डीडीटीऐवजी पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशक आणि बादलीपंपाऐवजी पाठीवरचा, एकसारखा दाब राखणारा पंप आणला गेला. 2023 अखेर भारताने प्रत्येक तालुका-गटात दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे काळ्या आजाराचे उद्दिष्ट गाठले. त्यात लवकर निदानाचा आणि एकाच मात्रेत देता येणाऱ्या औषधाचा वाटा मोठा आहे. पण पंप बदलण्यासारख्या साध्या गोष्टीलाही तिचे श्रेय दिले पाहिजे.

आपल्याकडे मातीच्या भिंतींची आणखी एक अडचण आहे. पावसाळ्यानंतर सणासुदीच्या आधी घर सारवले जाते, आणि काही आठवड्यांपूर्वी भिंतीवर बसलेले कीटकनाशक शेणामातीच्या ताज्या थराखाली गाडले जाते. यात घरातल्या बाईचा दोष काढण्यात अर्थ नाही. फवारणीचे वेळापत्रक तिच्या सारवणाच्या दिवसांशी जुळवून घेणे ही गुणवत्तेची बाब आहे आणि ती कोणत्याही प्रयोगशाळेत तपासता येत नाही.

आता नावीन्याकडे वळू. नव्या साधनांची गरज भासली ती डासांनी जुन्या कीटकनाशकांना दाद देणे थांबवल्यामुळे. मच्छरदाणीसाठी कितीतरी वर्षे पायरेथ्रॉइड हा एकच रासायनिक गट वापरला जात होता, कारण तो डासाला झटकन पाडतो आणि योग्य मात्रेत झोपलेल्या मुलाला अपाय करत नाही. हाच गट कापसाच्या शेतातही भरपूर फवारला गेला, आणि शेताकडेच्या डबक्यांत वाढणाऱ्या डासांच्या अळ्यांना त्याचे अल्प डोस मिळत राहिले. पश्चिम आफ्रिकेतील कापूसपट्ट्यात याचे परिणाम नोंदवले गेले आहेत. डासांच्या बचावाचे मुख्य मार्ग दोन आहेत. पायरेथ्रॉइड डासाच्या मज्जातंतूतील सोडियमच्या ज्या वाटेवर घाव घालते, तिच्या घडणीत जनुकीय बदल होतो आणि घाव बसेनासा होतो. किंवा मग डासाच्या शरीरातील विकरे, म्हणजे एन्झाइम, इतकी वाढतात की विष आपले काम करण्याआधीच त्याचे तुकडे होतात.

या विकरांना शह देण्याचे दोन परस्परविरुद्ध उपाय निघाले आहेत, आणि मला या साऱ्या विषयातला हा सर्वांत देखणा भाग वाटतो. पहिला उपाय पिपेरोनिल ब्युटॉक्साइडचा. हा पदार्थ स्वतः डास मारत नाही. तो विष फोडणाऱ्या विकरांना जायबंदी करतो, त्यामुळे पायरेथ्रॉइड पुन्हा परिणाम करू लागते. दुसरा उपाय क्लोरफेनापिरचा. हे मुळात शेतीतले कीटकनाशक. ते जाळीवर असते तेव्हा जवळजवळ निष्क्रिय असते. डासाच्या शरीरात गेल्यावर त्याचीच विकरे त्यावर तुटून पडतात आणि नेमक्या त्या क्रियेतून खरे विष तयार होते, जे पेशींची ऊर्जा निर्माण करणारी यंत्रणा बंद पाडते. ज्या शस्त्राने डास पायरेथ्रॉइडपासून वाचत होता, तेच शस्त्र त्याच्यावर उलटते. साहजिकच हे दोन उपाय एकाच जाळीत घालता येत नाहीत, कारण पहिला ज्या विकरांचे तोंड बांधतो, त्याच विकरांची दुसऱ्याला गरज असते.

नवे साधन आले की तपासण्याची पद्धतही नवी लागते. क्लोरफेनापिरला तीन मिनिटांच्या शंकूचाचणीत बसवले, तर चांगली जाळीही नापास दिसू शकते, कारण हे द्रव्य सावकाश काम करते आणि डासाचे शरीर सक्रिय असताना, म्हणजे रात्री उडण्याच्या आणि चावा शोधण्याच्या वेळी, त्याचा परिणाम अधिक होतो. म्हणून अशा जाळ्यांसाठी बोगद्यासारख्या काचेच्या पेटीत रात्रभर चालणारी चाचणी वापरतात. मधोमध छिद्रे पाडलेली जाळी, तिच्या पलीकडे भक्ष्य म्हणून एक प्राणी, अलीकडे सोडलेले भुकेले डास, आणि मृत्यूची मोजणी 24 ऐवजी 72 तासांपर्यंत. साधन कसे काम करते आणि कीटकाचा स्वभाव काय, याला अनुसरून परीक्षा बदलावी लागते.

पण डास मरणे आणि आजार घटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून टांझानियाच्या मिसुंग्वी जिल्ह्यात 2019 पासून चार प्रकारच्या मच्छरदाण्यांची वेगवेगळ्या गावांमध्ये तुलना करण्यात आली. क्लोरफेनापिर असलेल्या जाळ्या वापरणाऱ्या गावांतील मुलांमध्ये दोन वर्षांत हिवतापाचे रुग्ण केवळ पायरेथ्रॉइड असलेल्या जाळ्यांच्या तुलनेत 44 टक्क्यांनी कमी होते. बेनिनमधील स्वतंत्र चाचणीत हा आकडा 46 टक्के आला. या दोन्ही निकालांच्या बळावर मार्च 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, जेथे डास पायरेथ्रॉइडला जुमानत नाहीत तेथे या जाळ्या वापरण्याची ठोस शिफारस केली. त्याआधीच 2018 ते 2022 या काळात एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पातून आफ्रिकेतील 17 देशांत सुमारे 5 कोटी 60 लाख नव्या जाळ्या पोहोचल्या होत्या. हा प्रकल्प राबवण्यात लिव्हरपूल येथील, 2005 साली स्थापन झालेली आयव्हीसीसी ही, रोग पसरवणाऱ्या कीटकांवरच्या नव्या साधनांसाठी काम करणारी संस्था पुढे होती. डास मारण्याच्या नव्या रसायनाला शेतीच्या रसायनासारखी बाजारपेठ नसते, म्हणून कंपन्या आपणहून त्याच्या मागे लागत नाहीत. खरेदीची हमी आणि चाचण्यांचा खर्च कोणीतरी उचलल्याशिवाय हे घडत नाही.

सगळ्याच नव्या कल्पना तरत नाहीत. डासांना गोड रस आवडतो हे हेरून, त्यात विष मिसळलेल्या पिशव्या घरांच्या बाहेरच्या भिंतींवर लावण्याची कल्पना मालीमधील छोट्या चाचण्यांत फार आशादायक दिसली होती. झांबिया, केनिया आणि माली येथील मोठ्या चाचण्यांत मात्र हिवताप घटल्याचा खात्रीलायक पुरावा मिळाला नाही. हे अपयश लपवले गेले नाही, याचे मोल मला फार वाटते. उलट डेंगीच्या बाबतीत इंडोनेशियातील योग्याकार्ता शहरात वोल्बाकिया हा जिवाणू घातलेले एडिस, म्हणजे डेंगी पसरवणाऱ्या जातीचे, डास सोडल्यावर डेंगीचे रुग्ण 77 टक्क्यांनी घटल्याचे 2021 साली प्रसिद्ध झाले. हा जिवाणू अंगात असलेल्या डासात डेंगीचा विषाणू नीट वाढू शकत नाही. भारतात पुदुच्चेरी येथील कीटकजन्य रोग संशोधन केंद्राने आपल्याकडच्या एडिस डासांत हा जिवाणू बसवून वसाहती तयार केल्या आहेत. मुंबई-पुण्यात डेंगीची साथ आली की गल्लीबोळांतून धूरफवारणीची मागणी होते. परंतु तो धूर घरात लपलेल्या एडिसपर्यंत क्वचितच पुरेसा पोहोचतो आणि पाण्याच्या टाकीतल्या अळ्यांना तर अजिबात पोहोचत नाही. डोळ्यांना दिसणारे साधन आणि काम करणारे साधन यांत फरक करण्यासाठीच या सगळ्या चाचण्या असतात.

उरतो तो तिसऱ्या वर्षाचा प्रश्न. जाळ्या तीन वर्षे टिकतील असे धरून वाटपाचे वेळापत्रक आखतात, पण टांझानियासह अनेक ठिकाणी त्या त्याआधीच फाटून बाद होतात, आणि क्लोरफेनापिरचे प्रमाणही तोवर बरेच खाली आलेले असते. हे मोजण्यासाठी वाटपानंतर दर काही महिन्यांनी पथके गावात जातात. नमुन्याला निवडलेल्या घरातली मच्छरदाणी चौकटीवर ताणून तिची भोके आकारानुसार मोजली जातात: अंगठा जाईल एवढी, मूठ जाईल एवढी, डोके जाईल एवढी. ती किती वेळा, कोणत्या साबणाने धुतली, सावलीत वाळवली की उन्हात, हे घरातल्या माणसांना विचारून लिहून घेतात. त्यांपैकी काही जाळ्या प्रयोगशाळेसाठी नेल्या जातात. तेथे त्यांच्या चारही बाजूंचे आणि छताचे तुकडे कापून पुन्हा शंकूखाली पाच-पाच माद्या सोडल्या जातात. ज्या घरातून जाळी नेली, त्या घराला त्याच भेटीत नवी जाळी दिली जाते, म्हणजे त्या रात्रीही कोणी उघड्यावर झोपत नाही.